चमकी गळते, कार्ड वाकतं: गोंद, कण आणि कागदाचं गणित

तुमची तक्रार थोडक्यात अशी आहे: घरी शुभेच्छाकार्डं करता, चमकी लावली की कागद वाकतो, दुसऱ्या दिवशी झटकलं की बरीचशी चमकी गळून पडते, आणि जी उरते ती खडबडीत, मळकट दिसते. दोन रंग शेजारी लावले की एकमेकांत घुसतात. म्हणून तुम्ही विचारलंय, की महागातली चमकी घ्यावी का?

नको. चमकी बदलून यातलं काहीच सुटणार नाही. या चारही तक्रारी गोंदाच्या आहेत. गोंद कुठला, किती जाड आणि कागदावर किती वेळ ओला राहतो, यावर सगळं ठरतं. तेव्हा सुरुवात गोंदापासून करू. पण त्याआधी चमकीचा एक कण जरा जवळून पाहा.

हातात भिंग असेल तर चिमूटभर चमकी काळ्या कागदावर पसरून बघा. कण गोल नसतात, षटकोनी असतात. बहुतेक हस्तकलेची चमकी म्हणजे पॉलिएस्टरची पातळ फिल्म. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय बारीक थर चढवतात, रंग देतात आणि मग यंत्रात तिचे तुकडे पाडतात. षटकोन एकमेकांना चिकटून बसतात, मध्ये फट राहत नाही, त्यामुळे फिल्म वाया जात नाही. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच, की प्रत्येक कण सपाट आहे, म्हणजे इवलासा आरसाच. हा आरसा कागदावर पालथा पडून चिकटला तर प्रकाश सरळ परत फेकतो आणि घट्टही बसतो, कारण त्याची एक अख्खी बाजू गोंदात असते. कडेवर उभा राहिला तर नुसत्या धारेने अडकलेला असतो. तोच बोटाला खरखरीत लागतो, तोच झटकल्यावर गळतो. आणि गोंद इतका जाड असेल की कण त्यात बुडाला, तर आरशावर गोंदाची साय येते आणि तो मंद दिसतो. म्हणजे तुमचं गळणं आणि मळकट दिसणं यांचं मूळ एकच.

त्यामुळे माझा नियम असा: गोंदाचा थर कणाच्या आकाराप्रमाणे. बारीक चमकीला पातळ, जाड्या चमकीला थोडा भरीव. डब्यांवर आकार बऱ्याचदा इंचाच्या भागात लिहिलेला असतो. ०.००४ इंच म्हणजे साधारण ०.१ मिलिमीटर, ही अगदी पिठासारखी बारीक. ०.००८ इंच म्हणजे ०.२ मिलिमीटर, ही रोजच्या कामाची. ०.०१५ इंच म्हणजे जवळपास ०.४ मिलिमीटर, हिचे कण डोळ्यांना सुटे दिसतात. मिलिमीटरभर किंवा त्याहून मोठे तुकडे असतात ते ‘चंकी’ म्हणून मिळतात. कार्डावर मी नव्वद टक्के काम पहिल्या दोन आकारांत करते. मोठे तुकडे कार्डावर पसरून लावले की कितीही निगुतीने लावा, पाकिटात घासून निघतातच. त्यांची जागा शेकर कार्डात, त्याबद्दल पुढे सांगते.

आता गोंद. पांढरा पीव्हीए गोंद, सुकल्यावर पारदर्शक होणारा, हा रेषा, ठिपके आणि छोट्या आकारांसाठी उत्तम. अट एकच: बाटलीला बारीक तोंड हवं. सुईसारखं धातूचं टोक असलेल्या लहान बाटल्या मिळतात, त्यात गोंद भरून ठेवा. वापर झाला की टोकात टाचणी खोचून ठेवायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी टोक बुजलेलं सापडतं. काम सुरू करण्यापूर्वी बाटली उलटी धरून टेबलावर दोन-तीनदा हलकेच आपटा. हवा वर जाते, गोंद टोकाशी येतो. हे न केल्यास रेषेच्या मध्येच बुडबुडा फुटतो आणि तिथे गोंदाचा थेंब सांडतो. पहिली रेघ नेहमी रद्दी कागदावर ओढा.

रेघ ओढताना टोक कागदाला घासू नका, किंचित वर धरा आणि गोंदाची तार कागदावर सोडत जा. हात टेबलाला टेकलेला असू द्या. रेघ संपली की दाब सोडून मग टोक उचला, म्हणजे शेवटी शेपूट राहत नाही. चमकी लगेच ओतायची घाई नको. काही क्षण थांबलात की गोंद जरा पसरून सपाट होतो. फार थांबलात तर वर साय धरते आणि मग कण नुसते वर बसून राहतात. गोंदाची ओली चमक दिसते आहे तोवर ओतायचं, ही साधी खूण.

ओतताना हात आखडता घेऊ नका. जिथे गोंद आहे तिथे ढीग झाला पाहिजे. कमी चमकी भुरभुरली तर मोकळ्या जागी गोंद दिसतो आणि मग आपण वरून पुन्हा टाकतो. तो दुसरा थर अर्धवट सुकलेल्या गोंदावर पडतो आणि तोच गळतो. ढिगावर बोट दाबू नका, ओला गोंद बाहेर येईल. वर एक कोरा कागद ठेवून तळव्याने अलगद दाब दिला तरी पुरतो. मग कार्ड तिरकं करून जास्तीची चमकी खालच्या कागदावर ओतून घ्या आणि कार्डाच्या पाठीवर एक-दोन टिचक्या मारा. फुंकर मारायची नाही. फुंकरीने चमकी सगळीकडे जाते, डोळ्यांत जाण्याची भीती असते, आणि तोंडातला ओलावा कागदावर बसून नको तिथले कण चिकटतात.

खालच्या कागदाला आधीच मध्ये घडी घालून ठेवली असेल तर उरलेली चमकी पन्हळीतून परत डबीत जाते. प्लास्टिकचा ट्रे वापरत असाल तर तो बाजूला ठेवा. प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि चमकी त्याला धरून बसते.

सुकायला वेळ द्या. बोटाला कोरडा लागला म्हणजे गोंद सुकला असं नाही. पातळ रेघ तासाभरात हाताळता येते, पण जाड ठिपका आतून रात्रभर ओला असू शकतो. मी कार्डं रात्रभर आडवी ठेवते. उभी ठेवली तर ओला गोंद कणांसकट खाली ओघळतो, आणि ते दुसऱ्या दिवशी दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मोठी जागा भरायची असेल, म्हणजे पूर्ण पान, मोठं अक्षर, फुगा, चांदणी, तर पीव्हीए विसरा. तिथे दुहेरी चिकट शीट लागते. तुमचा कागद वाकतो तो बहुधा इथेच. ओल्या गोंदातलं पाणी कागदाचे तंतू एका बाजूने फुगवतं, आणि सुकताना तीच बाजू आखडते, म्हणून कार्ड पोक काढतं. चिकट शीटमध्ये पाणीच नसतं, त्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही. शिवाय थर सगळीकडे सारखा असतो, म्हणून कण सगळे एकाच पातळीवर बसतात.

करायचं असं. आधी शीटची एक बाजू मोकळी करून जाड कागदाला लावा, कोरड्या कपड्याने मधून कडांकडे दाबत जा. मग आकार कापा. वरचं आवरण तसंच ठेवून, कात्रीने किंवा डायने (ठरलेला आकार कापणाऱ्या धातूच्या साच्याने). कापून झाल्यावर आवरण काढा, आकार चमकीच्या ढिगात पालथा दाबा, उचला, झटका. आणि आता ती पायरी जी बहुतेक जण गाळतात: कोरड्या बोटाने चमकी घासा. गोल गोल, बऱ्यापैकी जोर देऊन. सुरुवातीला बोटाखाली वाळूसारखं करकरतं. उभे कण आडवे होतात, सुटे असतात ते बाजूला जातात आणि मोकळी झालेली जागा पुन्हा चिकट लागते. थोडी चमकी पुन्हा टाका, पुन्हा घासा. दोन-तीन वेळा केलंत की करकर थांबते, बोट सुळकन फिरतं, आणि पृष्ठभाग पत्र्यासारखा एकसंध चमकतो. आधीचा आणि नंतरचा तुकडा शेजारी ठेवून पाहा, तीच चमकी आहे यावर विश्वास बसत नाही. घासून झालेल्या तुकड्याची चमकी सहसा गळत नाही, कारण उभा कण त्यात उरलेलाच नसतो.

ही घासण्याची युक्ती ओल्या गोंदावर चालत नाही, हे वेगळं सांगायला नको. पण पीव्हीए पूर्ण सुकल्यावर मऊ, रुंद ब्रश जोरात फिरवला तरी सैल कण निघून जातात. ते पाकिटात गळण्यापेक्षा टेबलावर गळलेले बरे.

बाकीच्या गोंदांबद्दल पटकन. गोंदाची कांडी चमकीसाठी निरुपयोगी, थर फार पातळ आणि लगेच सुकणारा. उग्र वासाचे द्रावकयुक्त गोंद टाळा, काही चमकींचा रंग त्यात सुटतो. ग्लू गनने गाठी येतात. चमकी मिसळलेला ट्यूबमधला जेल मुलांच्या हातात द्यायला छान आहे, गळत नाही, सांडत नाही. पण त्यात कण वाटेल तसे तिरपे अडकलेले आणि वरून जेलने झाकलेले असतात, त्यामुळे सुट्या चमकीचं तेज त्याला कधीच येत नाही. स्टेन्सिलमधून पारदर्शक चमकी-पेस्ट लावायची असेल तर स्टेन्सिल टेपने पक्की बसवा, पट्टी जवळजवळ आडवी धरून एकाच दिशेने ओढा आणि स्टेन्सिल सरळ वर उचला. सरकवलंत की कडा गेल्या.

दोन रंगांचं आता. ओल्या गोंदाने करत असाल तर दोन्ही रंगांच्या जागी एकदम गोंद लावायचा नाही. एक रंग पूर्ण सुकू द्या, ब्रशने साफ करा, मग दुसऱ्याचा गोंद. क्रम फिका आधी, गडद नंतर. फिक्या रंगाचा एखादा चुकार कण गडद भागात अडकला तर चमक म्हणून खपून जातो, पण पांढऱ्या किंवा चंदेरी भागात अडकलेला गडद निळा कण घाणीसारखा दिसतो. चिकट शीटवर काम असेल तर आवरणावर धारदार पात्याने, फक्त आवरण कापलं जाईल इतक्या हलक्या हाताने, रंगांच्या सीमा आखून घ्या. एक भाग सोला, चमकी टाका, करकर थांबेपर्यंत घासा, ब्रश मारा, मग पुढचा भाग. पहिल्या भागात चिकटपणा उरलेला नसेल तर दुसरा रंग तिथे बसायला जागाच सापडत नाही. दोन आकारांची चमकी एकत्र हवी असेल तर मात्र जाडी आधी, बारीक नंतर. बारीक चमकी मोठ्या कणांच्या मधल्या फटी भरते. उलट केलंत तर मोठ्या कणांना गोंद मिळतच नाही.

रंगाचा आणखी एक मुद्दा, कारण मळकटपणाचं हे दुसरं कारण असू शकतं. गर्द, अपारदर्शक चमकी खालचा कागद झाकते, तरी कणांच्या मधून तो थोडा डोकावतोच. लाल चमकीखाली पांढरा कागद असेल तर लाल फिकट वाटतो. आधी तिथे लाल रंगाचा हात दिला असेल तर त्याच चमकीचा रंग भरून येतो. इंद्रधनुषी, अर्धपारदर्शक चमकीचं उलट आहे. ती खालच्या रंगावरच जगते. पांढऱ्यावर ती बर्फासारखी दबकी दिसते, काळ्यावर किंवा गडद निळ्यावर तिच्यातले हिरवे-जांभळे रंग बाहेर येतात. एकच डबी घेऊन पाच-सहा रंगांच्या कागदांवर नमुने करून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतात.

चमकी म्हणून जे विकलं जातं ते सगळं याच जातीचं नसतं. अभ्रकाची पूड मोत्यासारखी झाक देते, लुकलुकत नाही. तिचा धुरळा उडतो, म्हणून मास्क लावा. काचेची चमकी दिसायला फार देखणी, जुन्या सजावटीसारखी. पण ती खरोखर काच आहे, कडा बोचतात, आणि चांदीचा मुलामा असलेली काळाबरोबर काळवंडते. काहींना तो काळवंडलेपणाच आवडतो, मलाही. लहान मुलांच्या कार्डावर मात्र नाही.

कागद किमान २५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम) घ्या, ३०० असेल तर उत्तम. आणि शक्य तिथे चमकी थेट कार्डाच्या मुख्य कागदावर लावूच नका. वेगळ्या तुकड्यावर लावा, सुकवा, साफ करा आणि मग तो तुकडा कार्डावर चिकटवा. तुकडा बिघडला तर तेवढाच टाकून द्यावा लागतो, मूळ कार्ड सपाट राहतं, घडीत चमकी शिरत नाही. घडीवरून गेलेली चमकी पहिल्यांदा कार्ड उघडतानाच तडकते, कुठलाही गोंद असो. तरीही ओल्या गोंदाने वाकलेला तुकडा हाती आलाच, तर पूर्ण सुकल्यावर वर बटर पेपर ठेवून जड पुस्तकांखाली रात्रभर दाबा. तेवढ्याने न बसल्यास त्याच्या पाठीला तसाच कागद ओल्या गोंदाने चिकटवून पुन्हा दाबा, दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते.

कामाचा क्रम: शिक्के, रंगकाम, लिखाण, हीट गनचं एम्बॉसिंग (ओल्या शाईवर पावडर टाकून ती गरम हवेने वितळवणं), हे सगळं आधी. चमकी शेवटी. पेनाचं टोक चमकीवरून गेलं की बुजतं, आणि पॉलिएस्टरचे कण गरम हवेत आकसून वळतात. चमकी मिसळलेली एम्बॉसिंग पावडर उष्णता सोसणारी असते, तिची गोष्ट वेगळी. तिच्या बाबतीत शिक्का मारण्यापूर्वी कागदावर टाल्कम किंवा मक्याच्या पिठाची पुरचुंडी फिरवा. कागदावरचा ओलावा आणि स्थिर वीज जाते आणि पावडर फक्त शाईवर बसते. सुट्या चमकीलाही हाच उपाय लागू पडतो, विशेषतः हवा कोरडी असताना. फक्त जिथे गोंद लावणार ती जागा जास्त पांढरी करू नका.

शेकर कार्डात, म्हणजे हलवल्यावर आतली चमकी सरकते त्या कार्डात, ही पुरचुंडी नसेल तर काम फसतंच. पारदर्शक शीटच्या आतल्या बाजूला आणि फोम टेपच्या आतल्या कडेला, दोन्हीकडे फिरवा. टेपची ती कड चिकट असते हे लोक विसरतात, आणि मग सगळी चमकी कडेला जाऊन बसते. टेपचे तुकडे कोपऱ्यांवर घट्ट भिडवा, केसाएवढी फट राहिली तरी बारीक चमकी बाहेर येते. आत बारीक चमकी कमी आणि मोठे तुकडे, टिकल्या जास्त ठेवा. निम्म्याहून कमी भरा, नाहीतर हलायला जागा उरत नाही.

किती लावावी, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते. कार्डावर एक जागा ठरवा जिथे नजर आधी जावी, चमकी तिथेच. फुलाच्या सगळ्या पाकळ्या भरण्यापेक्षा नुसत्या मधल्या परागांवर ठिपके दिले तर ते फूल जास्त उठून दिसतं. शिवाय कार्ड टेबलावर आडवं ठेवून पाहू नका. ते घेणारा माणूस हातात तिरकं धरणार किंवा कुठेतरी उभं ठेवणार. तसं धरून, हलवून बघा. चमकी कोनानुसार पेटते, आणि आडव्या कार्डावर भडक वाटलेली गोष्ट उभ्यात अगदी माफक दिसू शकते. उलटही होतं.

वरून फिक्सेटिव्ह स्प्रे, म्हणजे रंग पक्का करायचा फवारा, मारावा का, हे बरेच जण विचारतात. नीट बसलेल्या चमकीला गरज नाही, आणि न बसलेली चमकी तो पकडून ठेवत नाही. दाट मारला तर चमकच झाकोळते. लांबून एक पातळ फवारा, एवढंच. ब्रशने पाण्यातला वॉर्निश लावू नका, खालचा पीव्हीए ओला होऊन कण उठतात.

आवराआवर करताना टेबल आधी रुंद चिकट टेपने किंवा कपड्यांवरचे केस काढायच्या रोलरने टिपा, मग ओल्या कागदाने पुसा आणि तो कागद कचऱ्यात टाका. ब्रश आणि स्टेन्सिल बेसिनमध्ये धुण्याआधी पुसून घ्या. हे कण प्लास्टिकचे आहेत आणि नाल्यात गेले की परत मिळत नाहीत. ५ मिलिमीटरपेक्षा लहान म्हणजे ते सूक्ष्मप्लास्टिकच. युरोपीय संघाने १७ ऑक्टोबर २०२३ पासून हस्तकलेच्या सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले ते याच कारणाने. सेल्युलोजपासून केलेली चमकी मिळते, ती घेता आली तर घ्या. पॉलिएस्टरपेक्षा ती जरा मऊ असते, घासताना जोर कमी लावावा लागतो. आणि चमकी लावलेले कागदाचे कपटे रद्दीच्या पुनर्वापरात टाकू नका.

पाठवण्यापूर्वी प्रत्येक कार्ड गडद सुती कापडावर पालथं ठेवून हलकेच घासा. कापडावर चार-दोन कण आले तर ठीक. ठिकठिकाणी चमचम दिसली तर कार्ड अजून तयार नाही. पास झालेल्या कार्डावर बटर पेपरचा तुकडा ठेवून मग पाकिटात घाला. फोम टेपमुळे कार्ड जाड झालं असेल तर साध्या पाकिटाऐवजी आत बुडबुड्यांचं अस्तर असलेलं पाकीट वापरा.

आता तुमच्याकडे आधीच तयार असलेली, गळणारी कार्डं टाकून देऊ नका. रुंद ब्रशने सैल चमकी सगळी काढा, अगदी निर्दयपणे. मग जिथे टक्कल पडलंय तिथे बारीक तोंडाच्या बाटलीने पातळ गोंद द्या आणि तीच चमकी पुन्हा ओता. मोठा भाग बिघडला असेल तर दुरुस्तीच्या फंदात न पडता त्याच आकाराचा तुकडा चिकट शीटवर करून वरून डकवा.